मैदान कुणाच्या नावावर? रेक्समचं रेसकोर्स आणि आपली नागपूर-कामठीची मैदानं

मोतीबागवाला

नमस्कार मंडळी.

बाबा मोतीबागच्या नॅरोगेज वर्कशॉपात फिटर होते. त्यामुळे माझं लहानपण रेल्वेच्या फुटबॉल मैदानाच्या कडेला गेलं. कुठल्या मॅचला कोणी गोल मारला, कोणाचा पाय मुरगळला, हे बाबांना चाळीस वर्षांनीही तोंडपाठ होतं. पण "बाबा, हे मैदान झालं कधी? आधी इथे काय होतं?" असं विचारलं की म्हणायचे, "मैदान होतंच ना रे." बाबा जाऊन दोन वर्षं होतील. प्रश्न तसाच राहिला.

त्या नादात गेले काही महिने मी रेक्सम नावाच्या गावाच्या स्टेडियमचा इतिहास वाचतोय. वेल्समधलं कोळसा, लोखंड आणि बिअरचं हे गाव, लोकसंख्येने आपल्या कामठीपेक्षा लहान. शहराचा दर्जा मिळाला तो २०२२ साली. मैदानाचं नाव रेसकोर्स, कारण १८०७ पासून तिथे घोड्यांच्या शर्यती व्हायच्या. पुढे क्रिकेट आलं. हिवाळ्यात हात-पाय हलवायला काहीतरी हवं म्हणून १८६४ मध्ये त्या क्रिकेटवाल्यांनीच लागून असलेल्या टर्फ हॉटेलात बसून फुटबॉल क्लब काढला. ते हॉटेल अजून मैदानाला चिकटून उभं आहे. ५ मार्च १८७७ ला वेल्सने घरचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना इथेच खेळला. स्कॉटलंडकडून ०-२ असा हरला. आज वापरात असलेलं जगातलं सगळ्यात जुनं आंतरराष्ट्रीय फुटबॉल मैदान ते हेच.

मला मात्र खिळवून ठेवलं ते जमिनीच्या गोष्टीने. ही जमीन बरीच वर्षं एका बिअर कंपनीकडे होती आणि क्लब भाडेपट्ट्यावर. २००२ मध्ये ती विकत घ्यायची संधी आली, पण व्यवहाराच्या शेवटी मालकी क्लबकडे न राहता तेव्हाच्या मालकाच्या वेगळ्या कंपनीकडे गेली. २००४ मध्ये त्याच कंपनीने क्लबला वर्षभरात मैदान रिकामं करायची नोटीस दिली. ज्या मातीवर एकशेचाळीस वर्षं खेळले तिथून चालते व्हा! डिसेंबर २००४ मध्ये क्लबचं दिवाळं निघालं, वर दहा गुण कापले गेले. लोक कोर्टात गेले आणि २००६ पर्यंत मैदान क्लबचंच असल्याचा निकाल पक्का झाला.

म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारतो. तुमच्या गावातलं, मोहल्ल्यातलं फुटबॉलचं मैदान कुणाच्या नावावर आहे? आधी तिथे काय होतं? ते राखलं कोणी? आपल्याकडे हे कुठे लिहिलेलंच नाही. इथे तरी लिहू या.

गोलकी नंबर १

मस्त धागा. वाचनखूण साठवली.

रेक्समचं नाव निघालं आणि ४ जानेवारी १९९२ राहून गेलं, हे बरोबर नाही! आर्सेनल तेव्हा इंग्लंडचा विजेता संघ. रेक्सम आदल्या मोसमात इंग्लिश लीगच्या चारही विभागांत मिळून तळाला. एफए कपच्या मॅचमध्ये आर्सेनल १-० ने पुढे, शेवटची आठ-दहा मिनिटं उरलेली. रेक्समच्या मिकी थॉमसने फ्री किक अशी हाणली की बॉल वरच्या कोपऱ्यात. दोन मिनिटांत वॉटकिनचा दुसरा गोल. २-१. मी गोलकी आहे, त्या फ्री किकचा व्हिडिओ शंभरदा पाहिला असेल. ती अडवता आली नसती.

कन्हानकाठ

कामठीचं नाव निघालं आणि आम्ही गप्प बसावं, असं होणे नाही.

कामठी वसली १८२१ मध्ये, इंग्रजांची छावणी म्हणून. कन्हानच्या काठाला पलटण, पलटणीच्या मागे बाजार, बाजाराच्या मागे विणकरांचे मोहल्ले. फुटबॉल या देशात आला तोच मुळी पलटणींबरोबर. सिमल्याला ड्युरंड कप सुरू झाला १८८८ मध्ये, मुंबईला रोव्हर्स कप १८९१ मध्ये. दोन्ही सुरुवातीला गोऱ्या सोल्जरांचेच. छावणीतल्या पोरांनी आधी कडेला उभं राहून पाहिलं, मग कडेला खेळले, मग मधे शिरले. आमच्या आजोबांच्या तोंडी "कवायत मैदान" हाच शब्द होता. फुटबॉल मैदान असं ते कधी म्हणाले नाहीत.

आता विचाराल तर नागपूर लीगचे सामने आमच्या रब्बानी मैदानावर होतात. मॅच असली की असरची नमाज आटोपून मंडळी येतात. मागच्या रांगेत म्हातारे विणकर, पुढे पोरं. इथे माणसाला ओळखतात ते "तो लेफ्ट विंगवाला" म्हणून, आडनाव नंतर. माझी मावशी फुटबॉल कधी खेळली नाही, पण ऑफसाइड तुम्हाला समजावून देईल.

मालकीचं म्हणाल तर छावणी म्हटलं की जमीन संरक्षण खात्याची. गावात नगर परिषद, पलीकडे छावणी परिषद, अधेमधे शाळा आणि ट्रस्ट. एक रस्ता ओलांडला की मालक बदलतो.

विठोबा९०

धागा चांगला आहे, पण मनातलं सांगतो मोतीबागवाला. वेल्सचं मैदान आपल्याला कायले पाहिजे? तिथली हवा वेगळी, पैसा वेगळा. दोन हॉलिवूडवाल्यांनी क्लब विकत घेतला म्हणून आज सगळे रेक्सम रेक्सम करून राहिले. आपल्याकडे कोण येणार आहे? आपल्या काळ्या मातीचं बोला. उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की त्यात पाय जाते. पावसाळ्यात एकेका बुटाला दोन-दोन किलो चिखल. मुरूम टाकला की गुडघे सोलून निघतात. गवत धरत नाही, धरलं तर मे महिन्यात ४५-४६ च्या पाऱ्यात जळून जाते. आपला इतिहास तो हा.

मोतीबागवाला

विठोबाभाऊ, मातीचं तुम्ही लाखातलं बोललात. पण हॉलिवूडवाले आले ते सगळ्यात शेवटी, फेब्रुवारी २०२१ मध्ये. ते यायच्या आधी मैदान आणि क्लब जिवंत ठेवला तो गावाने, आणि मला सांगायचंय ते हेच.

२००८ मध्ये क्लब इंग्लिश लीगमधून बाहेर फेकला गेला, १९२१ पासून सलग ८७ वर्षं तिथे खेळल्यावर. २०११ मध्ये पुन्हा पैशांची ओढाताण. मैदान तिथल्या विद्यापीठाने विकत घेतलं, म्हणजे क्लब परत भाडेकरू. त्याच ऑगस्टमध्ये अट आली की मोसम खेळायचा तर हमीची रक्कम भरा, वेळ तासांचा. लोक स्टेडियमवर रोख पैसे घेऊन आले. एकाने तर घराची कागदपत्रं पुढे केली. एका दिवसात एक लाख पौंडांहून जास्त जमले. वर्ष संपता संपता प्रेक्षकांच्याच ट्रस्टने क्लब ताब्यात घेतला. २०१६ मध्ये त्याच ट्रस्टने विद्यापीठाकडून मैदान ९९ वर्षांच्या पट्ट्यावर मिळवलं.

हॉलिवूडवाल्यांनाही ट्रस्टच्या सभासदांची परवानगी लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये मतदान झालं, १८०९ बाजूने आणि २६ विरुद्ध. जमीन कायमची क्लबकडे आली ती २०२२ मध्ये. मग २०२३, २०२४, २०२५ असे तीन वर्षं लागोपाठ वरच्या विभागात चढले. पण त्याआधीची दहा वर्षं दार कोणी उघडलं, गवत कोणी कापलं, तिकिटं कोणी फाडली? गावानेच.

परदेशी वैदर्भीय

मी मँचेस्टरजवळ राहतो, मूळ इतवारीचा. रेक्सम इथून गाडीने तासाभरावर. दोनदा जाऊन आलोय म्हणून थोडं सांगतो.

मैदानाचं वेल्श नाव "काय रास". पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा हसूच आलं, वाटलं कोणी मराठी माणूस विचारतोय. वेल्शमध्ये काय म्हणजे शेत, रान, कुरण. शर्यतीचं रान. आपल्याकडेही मैदानाला जुनी माणसं रानच म्हणतात ना?

तिथे एका टोकाला उभ्याने मॅच बघायचा मोठा उतार होता, कोप म्हणतात त्याला. २००८ मध्ये धोकादायक म्हणून बंद केला. पंधरा वर्षं तो तसाच रिकामा, गवत उगवलेला, आणि समोर मॅच चाललेली. जानेवारी २०२३ मध्ये पाडला. माझ्या शेजारी बसलेले एक आजोबा त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, माझे वडील तिसऱ्या कठड्याला उभे राहायचे. १९५७ मध्ये मँचेस्टर युनायटेड आलं तेव्हा इथे ३४,४४५ लोक होते. त्या गर्दीत ते वडिलांच्या खांद्यावर बसून होते म्हणे. मॅच ०-५ हरले होते, पण आजोबांचा चेहरा जिंकल्यासारखा.

धंतोलीकर

वय ७३. लिहायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

माझं घर यशवंत स्टेडियमपासून चालत पाच मिनिटांवर. या स्टेडियमवर मी लीगच्या मॅचेस पाहिल्या आणि पोरांना सरावाला सोडलं. पण बाहेरगावच्या माणसाला यशवंत स्टेडियम म्हटलं की फुटबॉल आठवत नाही, मोर्चा आठवतो. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं. डिसेंबर आला की राज्यभरातून मोर्चे येतात आणि बहुतेक इथूनच निघतात. कापूस, शिक्षक, अंगणवाडी, धनगर, हलबा, सगळ्यांच्या घोषणा मी गच्चीवरून ऐकल्या आहेत. ते दोन-तीन आठवडे झाले की परिसरात पत्रावळी, पाण्याची पाकिटं, बॅनरच्या काड्या. मग पोरं पुन्हा येतात, आधी खिळे वेचतात, नंतर बॉल काढतात. खिळे वेचायला मीही गेलो आहे, लोहचुंबक दोरीला बांधून.

खेळाचं मैदान खेळालाच असावं, असं माझं ठाम मत आहे.

संध्या सदर

धंतोलीकर काका, तुमच्या वयाचा आणि लोहचुंबकाचा मान राखून एक सांगते. मी अंगणवाडी सेविकांच्या मोर्च्यात त्याच स्टेडियमपासून चालले आहे. गडचिरोलीहून रात्रभर बसने आलेल्या बायका तिथे उतरल्या, तोंड धुतलं, डबा खाल्ला. शहराच्या मधोमध आम्हाला बसू देणारी दुसरी जागा सांगा. ते मैदान माझ्या आठवणीतलंही आहे. इतिहास लिहाल तेव्हा फक्त गोल मोजू नका.

धंतोलीकर

संध्याताई, बरोबर आहे तुमचं. माझ्याकडून तेवढं सुटलं. खिळे मात्र वेचून जा म्हणावं.

संध्या सदर

नक्की काका. पुढच्या डिसेंबरला लोहचुंबक मी आणते.

फक्की

सगळ्यांना नमस्कार, मी पहिल्यांदाच लिहितोय. रेफ्री आहे, त्याआधी मैदान आखायचो. माझे वडील एका शाळेत शिपाई होते, मैदान तेच आखायचे.

मैदानाचा इतिहास आखणीत सापडतो, हे मी अनुभवाने सांगतो. आधी चार खुंट्या, मग सुतळी, मग डबड्याला भोकं पाडून फक्की. कोपरा काटकोनात आहे का हे वडील ३, ४ आणि ५ हाताच्या सुतळीने बघायचे. पायथागोरस त्यांना माहीत नव्हता, सुतळी माहीत होती. नियमाप्रमाणे लांबी ९० ते १२० मीटर, रुंदी ४५ ते ९० मीटर. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ उंच. पेनल्टीची चौकट १६.५ मीटरची. हे आकडे बदलत नाहीत, मैदान बदलतं.

आमच्या त्या मैदानाला एका बाजूने आधी सायकल स्टँड आलं. मग दुसऱ्या बाजूने रंगमंच आला. वडील दर वर्षी टचलाइन पाऊलभर आत घ्यायचे. कोणाच्या लक्षात यायचं नाही, कारण एका वर्षात एकच पाऊल. शेवटी कॉर्नर घ्यायला पळायला जागा उरेना, पोरं भिंतीला पाठ लावून कॉर्नर मारायची. आज तिथे सेव्हन-अ-साइड होते. शाळेचं नाव घेत नाही. पण वडिलांनी दर वर्षीचं माप एका वहीत लिहून ठेवलंय. मी ती वही जपून ठेवली आहे.

गोलकी नंबर १

फक्कीभाऊ, त्या वहीचे फोटो काढून ठेवा, आजच. कागद खराब होतो.

कन्हानकाठ

+१. ही वही म्हणजे या धाग्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

नझूलवाला

मी भूमी अभिलेखच्या नोकरीत तीस वर्षं काढली, आता निवृत्त. मोतीबागवाला यांनी "कुणाच्या नावावर" असं विचारलं म्हणून लिहितो. नुसत्या भावनेने मैदान राहत नाही, कागद लागतो.

नागपूर शहरात जमिनीचा कागद म्हणजे आखीव पत्रिका. नगर भूमापन कार्यालयात अर्ज करा, नक्कल मिळते. गावात असेल तर सातबारा. छावणीत असेल तर त्यांची जमीन नोंदवही वेगळी. आखीव पत्रिकेत धारकाचं नाव, क्षेत्रफळ आणि धारणाधिकार बघा. नझूल असेल तर जमीन सरकारची, पट्टा कोणाला आणि किती वर्षांसाठी हे बघा. पट्टा संपलेला असतो आणि कोणाला पत्ता नसतो, असं मी किती पाहिलं!

दुसरा कागद म्हणजे शहराचा विकास आराखडा. त्यात मैदानाचं आरक्षण असतं. लोकांना वाटतं आरक्षण पडलं म्हणजे मैदान झालं. नाही. जमीन खाजगी असेल तर ती संपादन करावी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम १२७ बघा. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. म्हणजे संपतं. पोरं खेळत असतात आणि त्यांच्या पायाखालचं मैदान कागदावरून गेलेलं असतं.

आराखडा बदलायचा झाला तर हरकती-सूचना मागवल्या जातात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात सूचना येते. तेवढ्या दिवसांत एकाने जरी लेखी हरकत नोंदवली तरी सुनावणी घ्यावी लागते. माझ्या नोकरीत मैदानासाठी हरकत घेऊन आलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यातल्या एक पी.टी.च्या बाई अजून डोळ्यासमोर आहेत. हरकतीला त्यांनी मुलांच्या सह्यांची चार पानं जोडली होती, काही सह्या पेन्सिलने.

विठोबा९०

नझूलवाले काका, ही माहिती मले वीस वर्षांपूर्वी पाहिजे होती. आमच्या लेआउटमधलं मैदान असंच गेलं. आम्ही समजत होतो आपलंच आहे. एक दिवस कुंपण पडलं, पंधरा दिवसांनी पाया खोदला. आम्ही पोरं गोलपोस्ट उपटून घरी घेऊन आलो, कारण ते वर्गणीचे होते. बरीच वर्षं आमच्या गच्चीवर पडून होते. आई त्याच्यावर वाळवण घालायची.

वरती मी रेक्समबद्दल जे बोललो ते मागे घेतो. नोटीस तर आपल्यालेही येते, फक्त कोर्टात जाणारा गाव आपल्यापाशी नव्हता.

परदेशी वैदर्भीय

विठोबाभाऊ, स्पेनमध्ये एबार नावाचं गाव आहे, जेमतेम २७,००० वस्तीचं, म्हणजे आपल्या रामटेकच्या वजनाचं. स्टेडियमचं नाव इपुरुआ, १९४७ सालचं. चहूबाजूंनी उंच इमारती, लोक खिडकीतून मॅच बघतात. २०१४ मध्ये संघ पहिल्यांदा सर्वोच्च लीगमध्ये पोहोचला, डोक्यावर कर्ज नाही, तरी नियम आडवा आला की भांडवल कमी आहे, सतरा लाख युरोंच्या वर उभे करा. त्यांनी एकाच धनाढ्याला क्लब दिला नाही. छोटे छोटे शेअर काढले, कोणालाही एका मर्यादेच्या वर घेता येणार नाही अशी अट घातली. जगभरातून हजारो लोकांनी घेतले, त्यातला एक माझ्या ओळखीचा, भंडाऱ्याचा.

संध्या सदर

आपल्याकडचं उदाहरण राहू नये म्हणून. प्रा. विजय बारसे हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवायचे. २००१ च्या सुमारास भर पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली, त्यांना त्यांनी बॉल दिला. पुढे झोपडपट्टी फुटबॉल, स्लम सॉकर, फिफाचा २०१६ चा डायव्हर्सिटी पुरस्कार हे सगळ्यांना माहीत आहे. कमी सांगितलं जातं ते हे, की निवृत्तीचे पैसे त्यांनी शहराबाहेर जमीन घेण्यात घातले. बॉल देणारे पुष्कळ भेटतात. त्या माणसाने जमीन घेतली.

मोतीबागवाला

ताई, अगदी हेच. याच्यासाठीच धागा काढला.

उमरेडची लेक

बरेच दिवस वाचतेय, आज लिहिते.

माझे वडील कोळसा खाणीत होते. आमच्या कॉलनीचं मैदान कंपनीच्या जमिनीवर. गोलपोस्ट खाणीच्या वर्कशॉपात वेल्डिंग करून बनवलेले, जाड पाइपाचे. बॉल लागला की घंटेसारखा आवाज यायचा, तो क्वार्टरमध्ये स्वयंपाक करताना आईला ऐकू यायचा. आई म्हणायची, "पोस्टाला लागला, गोल नाही." मॅच चार वाजता ठेवायचे, पहिली पाळी सुटायच्या वेळी. बाबा बॅक खेळायचे. मॅच असली की पाळी बदलून घ्यायचे, एखाद्या मित्राला सांगून. लॅम्प रूममधून बत्ती घेताना ज्याची बदली त्याचं नाव.

रेक्समबद्दल मी मुद्दाम शोधून वाचलं, कारण तुम्ही कोळशाचं गाव म्हणालात. तिथे गावाजवळ ग्रेसफर्ड नावाची खाण होती. २२ सप्टेंबर १९३४ च्या पहाटे दोनच्या सुमारास स्फोट झाला. २६६ माणसं गेली. अडीचशेहून जास्त मृतदेह कधी वर काढताच आले नाहीत, तो भागच बंद करून टाकला. त्या रात्री खाली नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. शनिवारी दुपारी रेसकोर्सवर ट्रॅनमियरशी मॅच होती, ती बघता यावी म्हणून कित्येकांनी पाळी बदलून रात्रीची घेतली होती.

हे वाचल्यावर मी बराच वेळ बसून राहिले. मग बाबांना वाचून दाखवलं. ते आता ७८ चे आहेत, ऐकायला कमी येतं, दोनदा वाचावं लागलं. ऐकून म्हणाले, "अन् ज्यायनं आपली रातपाळी देली, ते लोक?"

मी म्हटलं, ते कुठे लिहिलेलं नाही मिळालं.

बाबा म्हणाले, "ते मॅचले नसतील गेले कधी."

कन्हानकाठ

ताई, काय लिहावं सुचत नाही. तुमच्या बाबांना कामठीकरांचा सलाम सांगा.

धंतोलीकर

वाचून हात जोडले.

मोतीबागवाला

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

नझूलवाले काकांनी सांगितलं तसं मी आमच्या घराजवळच्या मैदानाची, जिथे हल्ली माझी मुलगी खेळते, आखीव पत्रिका काढली. दोन खेपा पडल्या. तिसऱ्यांदा काका स्वतः माझ्याबरोबर आले, सत्तरीचा माणूस तीन जिने चढला. पत्रिकेवर सरकारचं नाव आहे, वापर खेळाचे मैदान. क्षेत्रफळ उतरवून घेतलं.

मग रविवारी फक्कीभाऊंना बोलावलं. सुतळी त्यांनी आणली, टेप मी. पत्रिकेतल्या मापाशी ताडून पाहिलं तर पूर्वेकडून जवळपास अकरा मीटर कमी भरतं. तिथे आधी बांधकामाची रेती पडायची, मग शेड आली, आता शेडला वीज मीटर आहे. तसा लेखी अर्ज केला आहे, पोच घेतली आहे. सोबत मुलांच्या सह्या जोडल्या. काही पेन्सिलने आहेत.

नझूलवाला

पोच जपून ठेवा. तीस दिवसांनी मला आठवण करा, पुढचं पत्र मी लिहून देतो.

फक्की

आणि माप वहीत लिहिलं आहे. वडिलांच्याच वहीत, पुढच्या पानावर. लांबी ८८ मीटर ४० सेंटीमीटर. तारीख घातली.

उमरेडची लेक

काल बाबांना जुन्या कॉलनीत घेऊन गेले होते. खाण बंद आहे, क्वार्टर बरेचसे पडलेत, मैदानात बाभळी उगवल्या आहेत. एका बाजूचा गोलपोस्ट गेला. दुसऱ्या बाजूचा उभा आहे. बाबांनी काठीने पाइपावर टक टक केलं, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या मायले आयकू आलं असतं."

मैदानाचं माप पावलांनी घेतलं आहे. बाबा मोजत होते, मी मागे. १०४ पावलं. फक्कीभाऊ, वहीत लिहून घ्याल का?

फक्की

लिहिलं ताई. बाबांचं नाव कसं लिहायचं ते कळवा.